हवालदारांची बाटली

पुसदला आमच्या हायस्कुलाच्या मैदानावर साठ-एकसष्ट सालात पोरं इटालियन भाषेत कवायत करत, हे आज कोणाला सांगितलं तर हसतात. पण ते खरं आहे. कवायतीचे मास्तर हवालदार गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि आपल्या घोगऱ्या, दणदणीत आवाजात "उनो, दुए, उनो, दुए" अशी एक-दोनची ललकारी द्यायचे. तांड्यावरून येणारी, खेड्यांवरून येणारी, बाजारपेठेतल्या दुकानदारांची, सगळी पोरं त्या तालावर पाय आपटायची. एकदा यवतमाळहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, ही कोणती भाषा? हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला आणि सांगितलं की साहेब, पायाला भाषा समजत नाही, आवाज समजतो. अधिकारी हसून पुढच्या वर्गाकडे निघाले. हेडमास्तर मात्र पुढचा आठवडाभर धास्तावलेले होते.

हवालदार जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकात तेवढं होतं. गावात लहानथोर सगळे त्यांना हवालदारच म्हणत. उंचीनं बेताचे, रंगानं काळेसावळे, मिशा कातरलेल्या, आणि खाकी हाफपँटीला अशी इस्त्री की तिच्या घडीनं भाजी चिरावी. पोरं पायऱ्यांवरून धावत निघाली की ते "पियानो, पियानो" असं ओरडत. त्याचा अर्थ हळू, हळू असा आहे हे सगळ्या शाळेला पाठ झालं होतं. कितीतरी पोरांनी तो शब्द घरी नेला. आमच्या गल्लीत एक म्हातारी बैलगाडीवाल्याला "अरे पियानो जा ना बापा" म्हणताना मी स्वतः ऐकली आहे.

त्यांच्या सवयी विचित्र होत्या. ते जिथे जात तिथे पट्ट्याला अडकवलेला एक पलटणीतला इनॅमलचा मग बरोबर असे. हॉटेलात गेले की मग पुढे करत, चहा त्यात घेत, पिऊन झाला की स्वतः विसळून पुन्हा पट्ट्याला लावत. शिक्षकांच्या खोलीतही तेच. लोकांना ते लष्करी वेड वाटे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आपला मग असला की चहावाल्याले विचार करा लागत नाई, याले कोणती कपबशी द्याची म्हणून. त्याचाही वेळ वाचते, आपलाही." एवढं बोलून ते हसले. मी हसलो नाही. वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून मीही चहा प्यालेला होतो.

मी त्यांच्याकडे आलो तो खोली शोधत. मी राळेगावकडच्या खेड्यातला. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते, आई कापूस वेचायला जाई. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि बी.ए. झालो तेव्हा त्या पदवीचं पुढे काय करतात हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. पुसदला शिक्षकाची नोकरी लागली. गावात खोल्या रिकाम्या होत्या, पण माझं आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली असे. शेवटी शाळेच्या शिपायानं मला हवालदारांकडे पाठवलं. ते अंगणात खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी ब्रश वर करून मला थांबवलं.

"शिकले किती?"

"बी.ए."

"मंग बीए म्हणूनच राहा इथं. आडनावाचं काम नाई."

त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. ते आमच्याच समाजातले होते, म्हणजे ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवली गेली आणि ज्यांनी छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बुद्धाचा धम्म घेतला, त्यांतले. माझे आईवडीलही त्या गर्दीत होते. हवालदार बायको-मुलीला घेऊन गेले होते, पांढरे कपडे घालून.

शाळेत सुरुवातीला मी शिक्षकांच्या खोलीत दाराजवळच उभा राहायचो. बसा म्हणून कोणी म्हणत नव्हतं, बसू नका असंही कोणी म्हणत नव्हतं. हवालदारांनी एक दिवस सगळ्यांदेखत खुर्ची उचलून मधोमध ठेवली, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला तिच्यात दाबून बसवलं आणि शिट्टी वाजवत मैदानावर निघून गेले.  पुढे मी अनेक खुर्च्यांवर बसलो. पण मला बसवलं त्यांनी, हे मी विसरलेलो नाही.

घरात त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. मावशींची एक कायमची तक्रार होती. हवालदारांना आठवड्यातून एकदा जाड शेवया लागत, आणि त्या दुधात नव्हे तर टमाट्याच्या रश्श्यात, लसूण घालून. मावशी म्हणायच्या, गव्हाच्या दोऱ्या रश्श्यात बुडवून खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण करून द्यायच्या. हवालदार काट्याला शेवया गुंडाळत आणि डोळे मिटून खात. मलाही त्यांनी ते शिकवायचा प्रयत्न केला. माझ्या सदऱ्यावरचे डाग मावशींनी धुतले.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती की आढ्याला मी हात लावायचा नाही. अट मला होळीच्या सुमाराला समजली. एका दुपारी शाळेतून आलो तर खोलीच्या आढ्याला आडव्या काठ्या बांधलेल्या आणि काठ्यांना सुतळीनं द्राक्षांचे घड टांगलेले. खाली माझी खाट. हवालदार दारात उभे राहून वर पाहत होते. मी घाबरलो. दारूबंदीचा कायदा आमच्याकडे लागू झालेला, माझी नोकरी नवी, आणि धम्मात आल्यावर दारूला शिवायचं नाही ही प्रतिज्ञा आम्ही सगळ्यांनी घेतलेली. मी भीत भीत तेवढं बोललो.

"दारू नाई करून राह्यलो, बीए," ते म्हणाले. "मले फक्त ते लटकलेले पाहाचे हायेत."

मी त्या घडांखाली झोपू लागलो. मुंगळे आले, गांधीलमाश्या आल्या. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पाच-सहा दिवसांत घडांच्या मनुका झाल्या. हवालदारांनी एक मनुका हातावर घेऊन चोळली आणि उदास होऊन म्हणाले की इथली हवा फार घाई करते, तिथे या कामाला अख्खा हिवाळा लागायचा. मावशींनी मनुका उतरवून शिऱ्यात घातल्या. दरवर्षी हे असंच चाले.

तिथे म्हणजे इटलीत. लढाईत हवालदार रस्ते बांधणाऱ्या आणि खंदक खणणाऱ्या पलटणीत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि कैदी म्हणून इटलीत नेले गेले. पुढे इटलीनं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा छावणीचे पहारेकरी एका सकाळी दिसेनासे झाले आणि कैदी वाट फुटेल तिकडे डोंगरात शिरले. हवालदार चालत चालत एका उंच खोऱ्यातल्या लहान गावात पोहोचले. गावाचं नाव ते घडाघडा घेत. शाळेच्या नकाशात मी ते पुष्कळ शोधलं, मिळालं नाही. एका म्हातारीनं त्यांना आपल्या माळ्यावर लपवलं. खाली जर्मन सैनिक फिरत होते. हवालदार तो सगळा हिवाळा माळ्यावर राहिले, आणि त्या माळ्याच्या आढ्याला द्राक्षं टांगलेली होती.

त्या खोऱ्यातल्या मोजक्या गावांत एक गोड वाइन करत. द्राक्षं तोडल्यावर लगेच पिळायची नाहीत, माळ्यावर टांगून थंड वाऱ्यात वाळू द्यायची. कोरडी थंडी असली की माळ्याच्या खिडक्या उघडायच्या, धुकं आलं की लावायच्या, बुरशी आलेला मणी टिपून काढायचा. ही कामं त्या वर्षी हवालदारांनी केली, कारण त्यांना तसाही खाली उतरायला मज्जाव होता. हिवाळा सरता सरता सुरकुतलेली द्राक्षं पिळली की टोपलीभर फळातून वाटीभर रस निघे, मधासारखा दाट. तो लहान पिंपात भरून वर्षानुवर्षं ठेवत. जेवण झाल्यावर, सणाला, पाहुण्याला थोडीशी देत. त्या वाइनला ते पासितो म्हणत. आपल्याकडे साखरेचा पाक जसा तारेवर पाहतात तसा त्या रसाचा थेंब म्हातारी बोटांत धरून पाहायची, असं हवालदार सांगत.

म्हातारीनं त्यांना का ठेवून घेतलं, तर तिचा एकुलता मुलगाही कैदी होता, आणि तो होता हिंदुस्थानात, इंग्रजांच्या छावणीत. ती रोज विचारायची की तुमच्या देशात कैद्याला पोटभर देतात ना? हवालदारांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते रोज सांगायचे की भात, डाळ, भाजी, सगळं पोटभर देतात. तो मुलगा घरी परतला की नाही हे त्यांना कधीच कळलं नाही.

हवालदारांच्या गोष्टी दरवेळी थोड्या बदलत. बर्फ कधी गुडघ्यापर्यंत असे, कधी कमरेपर्यंत. पण एक प्रसंग ते शब्दही न बदलता सांगत, आणि तो सांगताना हातातलं काम बाजूला ठेवत.

"पयल्या दिवशी जेवण झालं," ते म्हणायचे. "म्हातारीनं एक पेला भरला. एकच. तिनं घोट घेतला, सुनेले देल्ला. सुनेनं घेतला, शेजारचा म्हातारा होता त्याले देल्ला. त्यानं घेतला आन्‌ माह्याकडे केला. मी हात मांगं घेतला, बीए. मले वाटलं, आता उठतीन आन्‌ माह्यासाठी दुसरा पेला आणतीन. आपल्याले तेच माईत. त कोणी उठे ना. म्हातारा तसाच पेला धरून बसला. मंग म्हातारी म्हणे, बेवी. म्हणजे पी. त्याच पेल्यातून पी."

इथे ते थांबत.

"तवा मी तीस वर्साचा होतो. घराबाहेरच्या माणसाच्या उष्ट्या पेल्याले मी पयल्यांदा तोंड लावलं. आन्‌ माह्या उष्ट्याले त्याइनं."

निघताना म्हातारीनं त्यांना एक बाटली दिली. तिथली रीत अशी की मूल जन्मलं की त्या वर्षीची पासितो वेगळी ठेवायची आणि मुलाच्या लग्नात उघडायची. म्हातारीनं मुलासाठी ठेवलेल्या आणि त्याच्या लग्नानंतर उरलेल्या बाटल्यांतलीच एक काढून हवालदारांच्या हातात ठेवली. हवालदार लढाईवर गेल्यावर इकडे मुलगी जन्मली होती, तिचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं, हे म्हातारीला ठाऊक होतं. तिनं वचन घेतलं की ही बाटली मुलीच्या लग्नात उघडायची, एक पेला भरायचा, आणि आलेल्या सगळ्यांच्या हातून तो फिरवायचा. पेला फिरल्याशिवाय तिथे नवरी उंबरा ओलांडत नसे. हवालदारांनी वचन दिलं. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली ती बाटली आगबोटीतून, आगगाडीतून, एस.टी.तून पुसदला आली आणि त्यांच्या लोखंडी पेटीत बसली.

गावात ती बाटली सगळ्यांना माहीत होती. दारूबंदी आल्यावर पोलिसांचे जमादार एकदा चौकशीला आले. हवालदारांनी त्यांना खाटेवर बसवलं, मोजा काढून बाटली दाखवली आणि वाळवंटापासून गोष्ट सुरू केली. बऱ्याच वेळानं जमादार उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की मुलीचं लग्न कधी आहे, मला बोलवा.

मुलगी लहान होती तोवर सगळं ठीक होतं. छप्पन साली हवालदारांनी दुसरा शब्द दिला, दारूला शिवणार नाही असा, आणि तो त्यांनी अक्षरशः पाळला. पलटणीत मिळणाऱ्या रमला चटावलेला माणूस, पण नंतर थेंब घेतला नाही. दोन्ही शब्द एका घरात गुमान राहिले. मग त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगी मॅट्रिक होऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होती. मुलगा दारव्ह्याचा, एस.टी.त कंडक्टर. आणि दोन्ही शब्द समोरासमोर आले.

आमच्या वस्तीत धम्माचं मंडळ होतं, मी त्याचा चिटणीस. अध्यक्ष होते वस्तीतले टेलर. भिक्खू आमच्याकडे कुठून येणार. लग्नं टेलरच लावत. वाळलेला, लांब बोटांचा माणूस. एके काळी ते स्वतः इतके पीत की शिवलेले कपडेही विकून टाकत, असं जुने लोक सांगत. छप्पननंतर त्यांनी सोडली ती सोडली, आणि मग वस्तीतल्या एकेका माणसामागे लागून त्यांचीही सोडवली. कोणाच्या दारात रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, कोणाला मशीनजवळ बसवून काज-बटण करायला लावायचे. त्या माणसाला आम्ही सगळे मान देत होतो.

बाटली लग्नात उघडणार हे कळल्यावर टेलरनी हवालदारांना दुकानात बोलावलं. मीही गेलो. टेलरनी मशीन थांबवलं नाही, मान खाली घालूनच बोलले.

"तुमची म्हातारी चांगली होती, हवालदार. मी नाई म्हणत नाई. पण या वस्तीतल्या माणसाइले मीनं कसं सोडवलं ते मले माईत. नुसत्या वासानं माणूस परत जाते. मी सांगून राह्यलो, मले माईत हाये. भर मंडपात बाटली उघडान त मी लगन लावाले येनार नाई."

"मी थेंब घेनार नाई," हवालदार म्हणाले.

"मंग फेका ना."

"फेकता येत नाई. शब्द देल्ला."

"शब्द आपण नागपूरलेही देल्ला."

हवालदारांनी पट्ट्याचा मग सावरला. ते उठले. आम्ही दोघं रस्त्याला लागलो. मला वाटलं आपण शिकलेले आहोत, आपल्याला तोडगा निघाला पाहिजे. मी म्हणालो की बाटलीतलं काढून टाकू आणि मनुकांचं सरबत भरू, दिसायला तसंच दिसेल, कोणाचं मन मोडणार नाही. हवालदार थांबले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कवायतीत पाय चुकलेल्या पोराचं दुःख कळलं.

"बीए, कॉलेजात हे शिकवतात काय?"

घरी मुलीनं सगळं ऐकून घेतलं. ती फारशी बोलणारी नव्हती. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बाबा, मी लहान होती तवापासून सांगून राह्यले, थे तुह्या लग्नाची बाटली, थे तुह्या लग्नाची बाटली. आता लगन आलं त बाटली नाई म्हणता. काहून?"

मावशी म्हणाल्या की टेलर आले नाहीत तर लग्न कोण लावेल, आणि वस्ती आली नाही तर जेवेल कोण? मुलगी म्हणाली, तेही खरं आहे. आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

पुढचे काही दिवस हवालदारांनी कवायत घेतली ती पाट्या टाकल्यासारखी. उनो, दुए म्हणत, पण पोरांचे पाय कुठे पडतात तिकडे लक्ष नसे. एका सकाळी मला म्हणाले, चला. अंगावर पलटणीचा कोट, भर वैशाखात. आम्ही पुन्हा टेलरच्या दुकानात गेलो. हवालदार बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"पेला भरीन त पयला तुमच्या हातात देईन," ते म्हणाले. "लगन लागल्यावर, सगळ्याइच्या समोर. तुमी वस्ती सोडवली. सोडलेला माणूस भरला पेला हातात घेऊन पुढं कसा देते, ते वस्तीले पाहू द्या. वासाले भेऊन दूर राह्यलेलं कोणीही राह्यते."

टेलरचे पाय मशीनवर चालत राहिले. कापड संपलं, सुई रिकामीच वर-खाली होत राहिली. मला वाटलं हा फार मोठा घाव घातला हवालदारांनी. त्या माणसाकडून हे मागायला नको होतं. मग टेलरनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"माह्या हातून सांडला त?"

"सांडला त सांडला. पुन्हा भरू."

टेलरनी सुईखालचा दोरा तोडला. मग म्हणाले, "नवरीचं झंपर अजून शिवाचं हाये. उद्या पाठवून देजा माप." त्यावरून आम्ही समजलो.

लग्न अंगणातच झालं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, बुद्धाची तसबीर, मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतली मुलगी. वस्ती झाडून आली. तांड्यावरचा दूधवाला नाईक आला, सायकलवाले चाचा आले, जमादार साध्या कपड्यांत आले. शाळेतले शिक्षक आणि हेडमास्तर आले आणि कडेच्या खुर्च्यांवर बसले. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. आमच्याकडच्या लग्नांना ते येत, आहेर देत, सुपारी घेत, आणि पाणी विचारायच्या आत काम आठवून निघत.

टेलरनी त्रिशरण, पंचशील म्हणवून घेतलं. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना त्यांनी आवाज जरा चढवला. फुलं पडली. लग्न लागलं. मग हवालदार घरात गेले आणि मोजा घेऊन बाहेर आले.

बुचावरचं मेण त्यांनी चांभाराच्या आरीनं कोरून काढलं. बूच निम्मं तुटलं, निम्मं निघालं. इतक्या उन्हाळ्यांनी आतली वाइन आंबून गेली असेल असं मला वाटत होतं. पण मंडपात वास पसरला तो काकवीचा, मनुकांचा, जुन्या लाकडाचा. बायका बोलायच्या थांबल्या. हवालदारांनी घरातला पितळी पेला काठोकाठ भरला. रंग काळपट मधासारखा. त्यांनी थोडक्यात सांगितलं की एका आईचा शब्द आहे, पेला फक्त हातात घ्यायचा आणि पुढे द्यायचा. आणि तो टेलरच्या हातात ठेवला.

टेलरनी दोन्ही हातांनी पेला धरला. दाट वाइन पेल्याच्या काठाशी हलत होती. त्यांनी डोळे मिटले. वस्तीतले जे पुरुष त्यांनी दारूतून काढले होते ते सगळे पुढे सरकून पाहत होते. पेला त्यांच्या छातीशी किती वेळ होता कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले, पेला नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात दिला, आणि उपरण्यानं कपाळ पुसलं. एक थेंब सांडला नव्हता.

त्यानंतर पेला फिरला. व्याह्यांकडून नवरा-नवरीकडे, बायकांकडे, माझ्याकडे. मी वास घेतला आणि पुढे दिला. नाईकानं वास घेऊन जाहीर केलं की ही तर आमच्या मोहाची मावसबहीण आहे, लोक हसले. चाचांनी पेला कपाळाला लावून पुढे केला. जमादारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विस्तव हातात आल्यासारखा शेजाऱ्याकडे सोपवला. मग तो कडेच्या खुर्च्यांकडे गेला. तिकडे पोरं बाकांवर चढून उभी होती, माणसं मध्ये उभी होती, आम्हाला काही दिसेना. एवढंच कळत होतं की पेला कोणाच्या तरी हातात आहे आणि तो खाली ठेवला गेलेला नाही. हवालदार मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

गर्दी बाजूला झाली आणि पेला हातोहात परत आला. हवालदारांनी तो घेतला आणि आत पाहिलं. शंभर पोरांत एकाचं पाऊल चुकलं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्या दिवशी त्यांनी समोरच्या माणसांकडे मान वर करून पाहिलंच नाही. पेला माझ्याकडे तिरपा केला. टेलरच्या हातून काठोकाठ गेलेला पेला निम्म्यावर आला होता.

"बीए," ते अगदी हळू म्हणाले, "कमी झालं."

 त्यांनी पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवला, जिथे कोणाचे तरी ओठ टेकले असतील तिथून. पलीकडे पंगत बसायला लागली होती. मावशी पत्रावळी मांडायला सांगत होत्या, आणि हेडमास्तर पंगतीत बसायला मांडवाच्या कडेला वाकून चपला काढत होते.